बारावं झाड

ही घटना रात्रीची नाही. भर दुपारची आहे. म्हणूनच लोकांना पटत नाही. पण यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं.

घडली ती माझ्या सख्ख्या भावाबरोबर, टेबारानबरोबर. मलेशियातल्या सारावाकच्या जंगलात, तेपारा नदीच्या वरच्या अंगाला. आमच्या पेनान जमातीच्या वस्तीपासून चालत अर्ध्या तासावर. गेल्या वर्षी, फळांचा हंगाम सरल्यानंतरचा पहिला मंगळवार.

टेबारान वस्तीतला शिकलेला. नदीच्या दोन्ही काठांनी रस्ता, खडीचे कारखाने, गोदामं येणार होती. त्याआधी काठावर काय काय आहे याचा नकाशा कंपनीला हवा होता. झाडं, झरे, वाळू, दगड, सगळं. ते काम याला मिळालं. ज्या झाडावर कुणाचा हक्क, ते नकाशात लाल. ज्यावर नाही, ते राखाडी.

राखाडी म्हणजे बेवारस. बेवारस म्हणजे तोडायला मोकळं.

आमचा हक्क कागदावर नसतो. जंगलात चांगलं झाड दिसलं की कोयत्याने खोडावर आपली खूण करायची. याला मोलोंग म्हणतात. हे मी राखलंय, पुढे लागेल तेव्हा घेईन. खूण असली की दुसरा कुणी हात लावत नाही. राखणारा मेला तर झाड त्याच्या नातवंडांचं.

नदीच्या वळणावर अशी अकरा झाडं होती. आमच्या आज्जीने राखलेली. प्रत्येकावर तिची खूण... दोन तिरपे घाव, खाली एक आडवा.

आज्जीचं नाव मी लिहिणार नाही. मेलेल्या माणसाचं नाव आम्ही तोंडातून काढत नाही. काढलं तर त्याला वाटतं, आपल्याला बोलावलंय.

माझ्या भावाने याच रीतीचा फायदा उठवला.

"अकराच्या अकरा राखाडी?" वी मामाने टॅब नाकाजवळ धरला. मामा वस्तीचा मुखिया. "भाच्या, डोळे फुटले की काय तुझे?"

"हक्कदाराचं नाव लिहावं लागतं, मामा. तिचं कसं लिहू? नाव घ्यायचं नाही हे तूच शिकवलंस ना?"

"मग तुझं लिही. नातू आहेस तू तिचा."

"माझं लिहिलं की नोकरी गेली. घरातल्या कुणाचंही चालत नाही."

मामा हसला. फार वाईट हसला. "वा रे पठ्ठ्या! दहा वर्षांत एक रीत पाळली नाहीस, आणि पाळलीस ती नेमकी हीच! तिच्या पाठुंगळीला बसून याच झाडांची फळं खाल्लीस ना रे? तेव्हा विचारलं होतंस, हक्कदार कोण म्हणून?"

टेबारान उठून गेला.

मंगळवारी शेवटची तपासणी होती. सोबत जेंगी, मोजणीतला जोडीदार. तो इबान जमातीचा, खालच्या गावचा. आमच्या रीती त्याला ठाऊक नव्हत्या.

ऊन डोक्यावर आलं होतं. झाडावरचे किडे कान फाटतील असे ओरडत होते.

आणि ते एकदम थांबले...

सगळे. एकाच क्षणी.

नदीचा आवाजही येईना. पाणी डोळ्यांसमोर वाहत होतं, पण आवाज नाही.

मग... टक्. टक्.

थोडा वेळ गेला.

टक्.

"कोण झाड तोडतंय रे?" जेंगी म्हणाला. "अजून परवानगी कुठाय?"

टेबारानने मागे पाहिलं. मोजणीच्या तिपाईचा एक लाकडी पाय चिरला होता. दोन तिरपे घाव, खाली एक आडवा.

वाळलेलं, रंग दिलेलं लाकूड ते. त्यातून पांढरा चीक गळत होता...

"दादा, इकडे बघ." जेंगी टॅबवर वाकला. "तू अकरा म्हणालास. इथे बारा ठिपके आहेत."

टेबारानने बारावा ठिपका पुसला. तो परत आला. टेबारान दहा पावलं बाजूला सरकला.

ठिपकाही सरकला.

टॅब जेंगीकडेच टाकून तो घाबरून नदीपर्यंत पळाला. जेंगी ओरडला, "अरे, हा तुझ्या मागे मागे चाललाय! आणि याच्यापुढे नावपण आहे. तू लिहिलंस?"

"वाचू नकोस!"

उशीर झाला होता. जेंगीने मोठ्याने वाचलं. आज्जीचं नाव. सोळा वर्षांत कुणी न घेतलेलं.

आणि झाडांच्या मागून, म्हाताऱ्या, थकलेल्या आवाजात कुणीतरी ओ दिली...

"ओ."

जेंगी त्याच दुपारी होडीत बसून गेला. परत या नदीत आला नाही.

आणि माझा भाऊ? एवढं होऊनही त्याने नकाशा पाठवला. अकरा झाडं राखाडी. आज्जीची भीती वाटली त्याला, पण साहेबाची जास्त वाटली.

पहिलं झाड पडलं तेव्हा टेबारान दूर मिरी शहरात होता, कंपनीच्या ऑफिसात. बसल्या जागी छाती धरून कोसळला. शर्ट उघडला तर कातडीवर तीन घाव. रक्त नाही... पांढरा चीक.

डॉक्टर म्हणाले, "ही जखम जुनी आहे. निदान वर्षाची."

रोज एक झाड पडत होतं. रोज घाव खोल जात होते. सातव्या झाडाला त्याने मॅनेजर हेंड्रीचे पाय धरले. "साहेब, थांबवा. माझं नाव लिहितो. नोकरी गेली तरी चालेल."

"नकाशाखाली सही कुणाची आहे?" हेंड्री म्हणाला. "तुझीच ना? मग जा."

अकरावं पडल्यावर मामा त्याला उचलून घरी घेऊन आला. त्याला श्वास घेणंही जड जात होतं. आता बारावंच उरलंय, हे वस्तीत सगळ्यांना कळत होतं.

एका दुपारी तो रांगत रांगत त्या बुंध्यांपाशी गेला. संध्याकाळी आला तेव्हा चेहरा शांत होता.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"तिला मी नकोय म्हणते. ज्याने करवत पाठवली, तो हवाय. मी फक्त आणून द्यायचं."

 मामाने सागोच्या पिठाची गरम खळ त्याच्यापुढे सरकवली.

पुढच्या आठवड्यात हेंड्री जागा बघायला आला. वाट दाखवायला टेबारान गेला. दुपारी बाराच्या सुमाराला किडे ओरडायचे थांबले. वस्तीपर्यंत कळलं. बायकांनी पोरांना घरात घेतलं.

टेबारान एकटा परतला.

आठ दिवस शोधलं. कुत्रे आणले. कुत्रे त्या बुंध्यांपर्यंत जायचे, आणि तिथे शेपूट पायांत घालून बसायचे. हेंड्रीचा बूटसुद्धा मिळाला नाही.

पोलिसांनी मला विचारलं, "तुझा भाऊ त्या दुपारी कुठे होता?"

"घरी. माझ्यासमोर जेवत होता."

खोटं बोलले मी. त्याच्या छातीवरचे घाव त्याच दिवशी भरले होते. आज तिथे साधा वणही नाही.

काल नवा मॅनेजर आला. नदीच्या पलीकडच्या काठावर शेवटची तपासणी करायचीय म्हणाला. "वाट दाखवायला कोण येईल?"

टेबारानने हात वर केला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

त्या माणसाला मी सावध करू शकले असते. तो माझ्यापासून चार हातांवर चहा पीत होता. बरा दिसत होता, हसरा. पण त्याच्या मांडीवर नकाशा होता, आणि त्यात आमचा पलीकडचा अख्खा काठ राखाडी होता.

मी गप्प बसले.

मला आज्जीची भीती वाटत नाही. गप्प बसल्यावर मला जे बरं वाटलं ना... त्याची वाटते.