वाटीभर माती

आ लुओइच्या खोऱ्यात जुन्या धावपट्टीला लागून आम्ही वाळा लावला होता. दोन वाफे, एक थोम आजींच्या घरामागे आणि दुसरा त्यांच्याच तळ्याकाठी. लढाईच्या वेळी विमानांनी जंगलावर विष फवारलं. ते अजून त्या मातीत मुरून बसलं होतं, आणि ते आपणहून जाणारं नव्हतं. वाळ्याची खोल मुळं आणि त्यांच्याभोवती वाढवलेले जिवाणू ते मोडू शकतात का, हे मी तपासत होते. जमलं तर आजींची जमीन मोकळी होणार होती. नाही तर विष झाकायला पावसाआधी तिच्यावर सिमेंट पडणार आणि आजींची रवानगी वरच्या वस्तीत होणार.

"सिमेंटवर माझी बदकं काय झक मारणार?" आजी म्हणायच्या.

मी तिथे सुखात होते. सकाळी डोंगरावरून धुकं उतरायचं, आजींचा कडक हिरवा चहा असायचा आणि सोबत लामचे टोमणे. लाम माझा सहकारी. "ताई, तुझ्या वाळ्याने विष जाणार नाही," तो म्हणायचा, "फार तर त्याला सुवास येईल!"

पण घरामागच्या वाफ्यातलं विष निम्म्यावर आलं. पुढच्या खेपेला तर ते जवळजवळ संपलंच. मी चिखलातच नाचले. तळ्याकाठचा वाफा मात्र ढिम्म होता. वाळा तोच, खत तेच, जिवाणूही तेच.

आनंद ओसरल्यावर डोकं चालू लागलं. विष मोडलं तर त्याचे तुकडे तरी मागे राहायला हवेत. ते मातीत नव्हते. मुळांत, पात्यांत, विहिरीच्या पाण्यातही नव्हते.

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल," लाम म्हणाला. आम्ही स्वतः पुन्हा खणून माती पाठवली. निकाल तोच आला.

त्याच सुमारास आजींच्या नवऱ्याचं, होआन आजोबांचं वर्षश्राद्ध आलं. आम्हाला जेवायचं बोलावणं होतं. पितरांच्या देव्हाऱ्यावर आजोबांचा फोटो होता आणि पुढे मासे, चिकट भात, केळफुलाची कोशिंबीर. आमच्याकडे उदबत्ती जळेपर्यंत गेलेलं माणूस जेवतं. ते अन्नातलं सत्त्व तेवढं खातं, उरलेलं आपण खायचं.

ताटांच्या मध्ये एका वाटीत माती होती.

"हे काय, आजी?"

"या विषापायी आपल्या रानातलं त्यांना काही वाढता येतं का? भाजी बाजारची, बदक बाजारचं. रुसणार नाहीत का? म्हणून घरामागची मातीच रोज वाढते. उदबत्ती विझली की परत वाफ्यात."

लाम खो खो हसला. मीही हसले, पण खोड जाते कुठे! दुसऱ्या दिवशी मी वाटीतली चिमूटभर माती उदबत्ती लावण्याआधी घेतली, चिमूटभर विझल्यानंतर.

आधीच्या मातीत उरलंसुरलं विष होतं. नंतरच्या मातीत नव्हतं.

रोजच्या एका वाटीने अख्खा वाफा कसा साफ होईल, हे गणित मी मांडलंच नाही. मला भीती वाटली.

निकाल घेऊन आजींकडे गेलो, तेव्हा लाम फोटोकडे बघत होता. आजोबांच्या गालांवर काळे, बारीक दाणे उठले होते.

"ओल लागली असेल," तो हळूच म्हणाला.

या विषाने अंगावर कसलं पुरळ उठतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पाऊस जवळ आला. आजींनी तळ्याकाठची माती वाढायला घेतली, पण उदबत्ती विझल्यावरही त्या वाटीतलं विष जसंच्या तसं राहायचं. "पोट भरलं त्यांचं," आजी म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या मला म्हाताऱ्या दिसल्या.

पुढच्या भेटीत मात्र त्या खुशीत होत्या. देव्हाऱ्यावर दुसरा फोटो आला होता, निळ्या रेशमी पोशाखातल्या आजींचाच. आमची म्हातारी माणसं मेल्यावर मांडायचा आपला फोटो आधीच काढून पेटीत गुंडाळून ठेवतात, त्यातलाच हा.

लामचं हसू मावळलं. "आजी, जित्या माणसाचा फोटो तिथे मांडतात होय? काढा आधी तो!"

"काढते रे. तळ्याकडचं आटपू दे. एकट्या माणसाने किती खायचं?"

त्या फोटोपुढच्या वाटीतली माती मी तपासायला पाठवली.

स्वच्छ आली.

नंतर तळ्याकाठचा वाफाही स्वच्छ निघाला. खरं सांगते, मला आनंदच झाला. अहवालात मी वाळ्याचं कौतुक केलं. सिमेंट रद्द झालं. तळ्यात पुन्हा बदकं आली.

मग आजींनी आम्हाला जेवायला बोलावलं. स्वतःच्या रानातली पहिली भाजी, लसूण घालून परतलेली.

"खा गं पोरी, बाजारची नाही."

इतकी गोड भाजी मी कधी खाल्ली नव्हती. लामने दुसऱ्यांदा वाढून घेतली. आजी कौतुकाने बघत बसल्या. त्यांचा वाडगा रिकामाच होता.

"आजी, तुम्ही पण घ्या ना."

"नको गं. हल्ली भूकच लागत नाही. सकाळी उदबत्ती विझली की पोट कसं गच्च भरतं."

आणि त्या समाधानाने हसल्या, गाल खाजवत.