टाचेचा भंडारा

चिटगुप्प्याचा लिंगराज आडत्या दोनच गोष्टींवर विश्वास ठेवी: गळ्यातलं लिंग आणि दुकानातली तागडी. रझाकारी सरली, खंडोबाच्या जत्रेत घोड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या, आणि दरसाल मायाप्पाचाच म्हातारा घोडा पहिला येऊ लागला. मायाप्पा काडीपैलवान. तो टेकडीआड गेला की खोगिराला बांधलेलं वजन टाकतो, याबद्दल लिंगराजाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

माळावरची रीत अशी, की संशय घेईल त्यानं स्वतः एका पारड्यात बसायचं आणि दुसऱ्यात एकेक स्वार. हलका भरेल त्याच्या खोगिराला ज्वारीची थैली. शर्यतीनंतर पुन्हा तेच. यंदा संशय लिंगराजानं घेतला आणि पैजेला आपली चंद्री लावली. बिनआईच्या या घोडीला त्यानं बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं. "दुसरं कायबी लावा, तिला न्हाई," असं गुरुबाईनं, त्याच्या बायकोनं, हात जोडून सांगितलं होतं.

लिंबाला तागडी टांगली. चंद्रीवरचा गडी राघोबा बरोबर भरला. मायाप्पाची थैली लिंगराजानं स्वतः शिवली, वर लाख लावली. दांडी सरळ झाली.

मायाप्पानं स्वारांच्या रिवाजानं ओला भंडारा टाचांना माखला. "अण्णा, कामून एवढा संशय घ्यायलाव?"

"तागडी सांगंल."

घोडे टेकडीआड गेले आणि बसल्या जागी लिंगराजाला धाप लागली. पाठीतून घामाच्या धारा लागल्या. ऊन बाधलं असेल, असं तो मनाशी म्हणाला.

मायाप्पा पहिला आला. चंद्री दुसरी.

लिंगराज धावला. लाख शाबूत होती. घोड्याच्या बरगड्यांवर मात्र पिवळ्या भंडाऱ्याचा ठिपकाही नव्हता.

"टाच मारलीच न्हाईस?"

"मारली की, अण्णा." मायाप्पाच्या टाचा स्वच्छ होत्या.

दोघं पारड्यात बसले. लिंगराजाचं पारडं धपकन जमिनीला टेकलं. मायाप्पा थैलीसकट वर लटकला.

"बघा! चोर!" लिंगराज ओरडला. त्याला मनापासून आनंद झाला.

म्हातारा पंच हावगेप्पा पुढं आला. त्यानं लिंगराजाला उतरवून त्या जागी राघोबाला बसवलं.

दांडी सरळ.

सगळे लिंगराजाकडं बघू लागले.

"सावकार, कमरंला काय बांधलंय?" पंचानं विचारलं.

कोट चाचपला, कमर चाचपली. काही नव्हतं. तरी कुणीतरी म्हणालंच, "चोराच्या उलट्या बोंबा!"

चंद्रीचा कासरा मायाप्पाच्या हाती गेला. लिंगराज तिच्या मानेवर हात फिरवायला गेला तर ती बिचकून मागं सरली. कान पाडून ती त्याच्या खांद्यामागं, जरा वर बघत होती.

दिवेलागणीला तो पाय ओढत घरी पोचला.

"चंद्री कुठं हाय?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. गुरुबाईनं त्याचा कोट काढला, सदरा काढला. दोन्ही कोरे होते.

उघड्या बरगड्यांवर, दोन्ही बाजूंना, टाचांचे पिवळे ओले ठसे होते.

तिनं पदरानं एक पुसला. दुसरा पुसेस्तोवर पहिला पुन्हा उमटला.