सकवारबाईंचा अभिप्राय

एकोणीसशे चौऱ्याण्णव सालच्या एका शनिवारी, भर दुपारी, भार्गवी आपला हस्तलिखित अंक परत आणायला बसवनगुडीहून पीण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निघाली. बंगळुरातल्या नऊ मराठी घरांसाठी ती भयकथांचे एक मासिक स्वतःच्या हाताने लिहून काढी. प्रत एकच. मुखपृष्ठावर वाचकांची यादी; ज्याने त्याने अंक वाचावा, शेवटच्या पानावर अभिप्राय लिहावा आणि यादीतल्या पुढच्या घरी द्यावा, असा शिरस्ता. पहिल्या पानावर भयकथेच्या जगातली वार्ता असे: पुण्यात कोणते संमेलन भरले, कोणत्या दिवाळी अंकाने भूतकथांची स्पर्धा जाहीर केली, कोण निवर्तले.

या महिन्यात निवर्तल्या होत्या सकवारबाई. वाचकांतल्या सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत कठोर. सहा वर्षे भार्गवीच्या प्रत्येक कथेबद्दल त्यांनी एकच वाक्य लिहिले होते: 'भीती वाटली नाही.' एकदा तरी या बाईंना घाबरवावे, एवढीच भार्गवीची आस होती. आणि ज्या अंकात तिला कथा सर्वांत उत्तम साधली, नेमक्या त्याच अंकात तिला त्यांच्या निधनाची बातमी लिहावी लागली.

तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास घेऊन यादीतला शेवटचा वाचक, गिरीराज, आपल्या कारखान्याच्या फाटकाबाहेर आला. अंक त्याने दोन बोटांत धरला होता.

"अक्का, सकवारबाईंचं नाव यादीत कसं राहिलं?"

भार्गवीने जीभ चावली. जुनी यादी तिने सवयीने उतरवली होती. "पण त्यांच्या आधी कौशल्याबाई आहेत. बातमी वाचून त्यांनी अंक थेट तुला द्यायचा ना?"

"त्या कुठे वाचतात? भुताच्या नावानं त्यांना घाम फुटतो. नुसतं शेवटचं पान उघडून 'छान' लिहितात आणि पुढच्या घराच्या दाराच्या फटीतून आत सरकवतात."

"त्या घराला तर कुलूप आहे. मग तुला अंक कसा मिळाला?"

जेवणाच्या सुटीसाठी यंत्रे थांबली. त्या शांततेत गिरीराजचा आवाज आपोआप उतरला.

"नेहमीसारखाच... खिडकीतून. मी हाक मारली, हात बाहेर आला. कापराचा वास होता. 'स्वल्प उशीर झाला,' म्हणाल्या. मी 'बरं, सरी' म्हणून सायकलला टांग मारली... बातमी घरी गेल्यावर वाचली, अक्का."

भार्गवीने पहिले पान उघडले. निधनाच्या बातमीशेजारी, समासात, ते ओळखीचे टोकदार अक्षर होते: 'बातमी बरोबर आहे. वय दोन वर्षांनी वाढवले आहे, ते दुरुस्त करावे.'

तिने शेवटचे पान उलटले.

'भीती वाटली. रात्रभर दिवा मालवला नाही.'

आणि भर रस्त्यात भार्गवी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"गिरीराज, त्या घाबरल्या."

"मीही घाबरलोय, त्याचं काही नाही?"

"तू मांजरालाही घाबरतोस. चल, डोसा खाऊ घालते."

हॉटेलात बसल्यावर, अभिप्राय पुन्हा एकदा डोळे भरून वाचावा म्हणून तिने पान उघडले. सकवारबाईंच्या सहीखाली आणखी सात ओळी होत्या, मोडीतल्या, सातही वेगवेगळ्या हातांच्या. मोडी तिला जेमतेम लागे. पहिली ओळ तिने अक्षर अक्षर जुळवून वाचली: 'आम्हांसही वाटली.' दुसरी: 'पुढील अंक सत्वर धाडावा.' तिचा चेहरा फुलला. सात वाचक एकदम वाढले होते.

अंक चार दिवस गिरीराजच्या पेटीत बंद होता. तरीही सातव्या ओळीवर तिचे बोट टेकले, तेव्हा त्याला शाई लागली. आणि ती ओळ अजून पुरी व्हायची होती.