संध्याकाळी आठचा संपर्क

आठला पाच कमी असताना शलाका शेवाळे संपर्ककक्षातल्या खुर्चीत येऊन बसली, पडदा सुरू केला आणि वजनांचे तक्ते मांडीवर पसरले. पुढची दहा मिनिटे तिची होती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या तळावर दहा माणसे राहत होती. त्यातली एक तिची आई, आणि आई गेले अकरा महिने या वेळेला पडद्यावर आलेली नव्हती. पहिले काही आठवडे शलाका केस विंचरून यायची, पडदा लुकलुकला तरी तिच्या छातीत धडधडायचे. आता ती काम सोबत आणायची. पण यायची मात्र रोज. आपण गेलो नाही तर दार आपल्या बाजूने लागेल, असे तिला वाटे.

आई, म्हणजे कुमुद शेवाळे, तळाची अन्नप्रमुख होती. साताऱ्यात पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांची मेस चालवणारी बाई चंद्रावर कशी, असे लोक विचारत. त्याच त्या डब्यांतून त्याच त्या माणसांना वर्षभर जेवायला घालणे पदवीने जमत नाही, हे मोहीम आखणाऱ्यांना पहिल्या तुकडीच्या वेळीच कळले होते.

शेवटच्या बोलण्यात आई म्हणाली होती, "शलू, उद्यापासून मी यायची नाही. का ते विचारू नकोस. वेळेवर जेवत जा."

कारण आपल्याला ठाऊक आहे, असे शलाका धरून चालली होती. तळावरच्या सगळ्यांचे अतिखाणे आवरायला एक गोळी दिली जात होती, आणि आईला ती सुरू करणाऱ्या गटात शलाका स्वतःच होती. आई रागावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत गटप्रमुख डॉ. सायमा मुजावर तिची वाटच पाहत होत्या. सोमवारी बैठक होती. रसरोधक गोळीच्या प्रयोगाला आणखी सहा महिन्यांची मुदतवाढ द्यायची की नाही, हे त्यात ठरणार होते. शलाकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच होता. मुदतवाढ मिळाली तर आईची तुकडी सहा महिने तिथेच राहणार, आणि हा अबोलाही.

"चल, तालीम करू," मुजावर म्हणाल्या. "मी व्यवस्थापनातला साहेब. मला विज्ञान कळत नाही, पण सही माझी लागते. सांग, गोळी काय करते?"

"साहेब, मेंदू स्वतःची अफू स्वतःच तयार करतो."

"असं साहेबाला सांगू नकोस, दचकेल."

शलाका हसली. "बरं. आवडीचा घास जिभेवर पडला की मेंदूत अफूसारखी द्रव्यं सुटतात. पेशींवरच्या ग्राहीखाचांत ती जाऊन बसतात आणि आपल्याला छान वाटतं. आपली गोळी त्या खाचांत आधीच जाऊन बसते. घास तोच, चव तीच, पण गोडी लागत नाही."

"म्हणजे भूक मारते."

"नाही. गोडी वेगळी, ओढ वेगळी. ओढीचं द्रव्य दुसरं, तिला गोळी हात लावत नाही. पण ओढीने खाल्लं आणि गोडी मिळाली नाही, असं वारंवार झालं की मेंदू शिकतो, यात काही नाही. मग ओढ आपोआप विझत जाते. दहाही जणांचं वजन उतरलंय ते असं."

"आणि जे गोळीच्या अमलात खाल्लंच नाही, त्याचं काय?"

"त्याची ओढ तशीच राहते. लसणाची चटणी बघा ना. दुसऱ्या महिन्यातच, गोळी सुरू व्हायच्या आधीच संपली, तरी मागणीपत्रात अजून दर आठवड्याला पहिली तीच. आणि शिरा? सुरुवातीला त्यावरून भांडणं व्हायची, आता ताटात उरतो."

"छान. साहेबाने सही केली." मुजावरांनी चष्मा काढून पुसला. "आता ते घरच्यांचं गाऱ्हाणं. म्हणतात, आमची माणसं पूर्वी दहा मिनिटं पुरत नाहीत म्हणायची, आता तीन मिनिटांत उठतात. दोघं तर येईनाशी झाली आहेत. मी लिहिलंय, दूर राहिल्याने असं होतं."

शलाकाने संपर्काची नोंदवही उघडली. नऊ जणांच्या बोलण्याची मिनिटे तिने महिनावार मांडली आणि तो आलेख शिऱ्याच्या आलेखावर ठेवला. दोन रेषा एकमेकींवर जवळजवळ चिकटल्या.

तिने नोंदींच्या वेळा पुन्हा पाहिल्या.

"मॅडम, आठची वेळ कोणी ठरवली?"

"मीच की. जेवणं आटोपलेली असतात, माणसं निवांत असतात."

"गोळी दुपारी बाराला. अंमल मध्यरात्रीपर्यंत."

मुजावर खुर्चीत हळूच मागे टेकल्या. "आपलं माणूस भेटल्याची गोडीसुद्धा त्याच खाचांत उतरते," त्या म्हणाल्या. "दरवर्षी शिकवते गं मी हे. पहिल्याच तासाला."

"रोज बोलले त्यांची ओढ विझली. आणि आई..." शलाकाने शिऱ्याच्या रेषेवर बोट ठेवले. "आईने ताटं बघून ओळखलं असणार. काय खपतं, काय उरतं, हेच तर ती पंचवीस वर्षं बघत आली. तिने मला चटणीसारखं संपू दिलं. मागत राहता यावं म्हणून."

"मग सांगायचं होतं तुला!"

"कसं? संपर्कात गोळीबद्दल कोणी मत मांडलं की जोडणी तोडायची, मत फक्त प्रयोग संपेपर्यंत बंद राहणाऱ्या नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. मसुदा मी लिहिलाय, मॅडम."

सोमवारच्या बैठकीत मुजावरांनी आपली चूक स्वतःच मांडली. मुदतवाढ मिळाली, पण संपर्काची वेळ बदलली. रोज सकाळी सहा, रात्रीत अंमल उतरल्यावर आणि दुपारच्या गोळीच्या बऱ्याच आधी. नियमही सैल झाला. त्याच दुपारी शलाकाने आईला एक ओळ पाठवली: "उद्या सकाळी सहाला ये. आता चालेल."

"एक लक्षात ठेव," मुजावर तिला म्हणाल्या. "खाचा फार दिवस अडवल्या की मेंदू नव्या तयार करतो. तुझ्या आईला उद्या सगळं दुपटीने लागेल. जपून बोल."

सहाला पडदा उजळला. कुमुद शेवाळे बारीक झाली होती, कानाशी पांढरे केस आले होते.

"आई," शलाका म्हणाली.

शब्द वर जाऊन उत्तर खाली यायला अडीच सेकंद लागत. त्यानंतर आईचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा विस्कटला. तिने दोन्ही हात पडद्यावर टेकवले. हसू, रडू, सगळे एकदमच आले.

"अगं, पुन्हा बोल... नको, थांब जरा. केवढा गोड आवाज आहे तुझा! मी विसरले नव्हते हं शलू, एक दिवस नाही. आठ वाजले की भांडी घासत बसायचे, हात मोकळे राहिले तर तुझं बटण दाबतील म्हणून."

शलाका ऐकत होती. आता आपल्याला भरून येईल, म्हणून ती थांबली. छातीत काहीच हलले नाही. समोर आई होती, तिला पाहून बरे वाटायला हवे हे कळत होते, आणि मन शांत होते, ताटात उरलेल्या शिऱ्याकडे पाहावे तसे.

तिने कधी गोळी घेतली नव्हती. त्याची गरजही पडली नव्हती. अकरा महिने, रोज संध्याकाळी आठ वाजता ती ओढीने येऊन बसली होती आणि रोज गोडीवाचून उठली होती. तिच्याही मेंदूने तेच शिकून घेतले होते.

"गप्प का गं?" आईने विचारले. "रागावलीस?"

खोटे बोलणे सोपे होते. पण समोरची बाई ताटे वाचणारी होती.

"नाही गं. मी रोज यायचे, आई. आठला. एकही दिवस चुकवला नाही."

अडीच सेकंद गेले. आईचे हात पडद्यावरून खाली आले.

"रोज?"

"रोज."

"आणि मी इकडे..." कुमुदने तोंडावर हात धरला. मग डोळे पुसले आणि नीट सरसावून बसली, आजारातून उठलेल्या पोरासमोर मेसमध्ये बसायची तशी.

"मला भूक लागायला थोडे दिवस लागतील, आई."

"लागू देत. आज दोनच घास," आई म्हणाली. "ऐक, काल आमच्याकडे काय गंमत झाली..."