गाडी स्थिर नाही

वेलिमिरच्या वर्कशॉपची फरशी एका कोपऱ्याकडे उतरती होती. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून बांधणाऱ्यानं ती तशी केली होती, आणि वेलिमिर त्याच्या नावानं आजवर बोटं मोडत आला होता. काहीही पातळीत लावायचं झालं की गाडी बाहेर काढा, चढ चढा आणि ग्रोबनिकच्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्या. तिथं पिटच्या, म्हणजे गाड्या थांबवून ठाकठीक करायच्या जागेच्या, मागे सिमेंटचा एक तुकडा होता. ताटभर पाणी ठेवलं तरी कुठल्याही काठाकडे धावणार नाही इतका सपाट.

शनिवारी सकाळी तो रोमानाची गाडी घेऊन तिथं आला. रोमाना त्याची एकुलती एक मुलगी. रियेकाच्या बंदरात क्रेन चालवायची आणि सुट्टी मिळाली की ट्रॅकवर. आई गेल्यापासून घरात दोघंच उरले होते, आणि दोघांचं बोलणं बहुतेक गाडीवरच चालायचं. या हिवाळ्यात त्यांनी मिळून ही जुनी दोन दारांची गाडी आतून सोलून काढली होती. गालिचे गेले, मूळच्या सीटा गेल्या, पोलादी पिंजरा आला आणि ड्रायव्हरसाठी एक खोलगट सीट आली. नेमका त्या सीटचा लोखंडी पाय डबीच्या जागेवर आला.

डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा. गाडीच्या बरोब्बर मध्ये, जमिनीलगत बसवलेला. गाडी किती गरकन वळतेय, कुठल्या अंगाला फेकली जातेय, हे तिला कळतं. गाडी घसरायला लागली की तिच्या सांगण्यावरून एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लागतो आणि गाडी सरळ होते. ही डबी मागे सरकवली तरी चालते, पण मधली रेघ सोडायची नाही, पातळी सोडायची नाही. उपडी बसली तर तिला डावं उजवं वाटतं, आणि वाचवायला लागलेला ब्रेकच माणसाच्या जिवावर उठतो. वेलिमिरनं नवी पट्टी कापली, छिद्रं पाडली, पाणसळ लावून लावून डबी वीतभर मागे बसवली. मुलीची गाडी होती. दुसऱ्या कुणाची असती तरी त्यानं असंच केलं असतं, पण इतक्यांदा तपासलं नसतं.

आता राहिलं होतं तिला शिकवणं. लॅपटॉप जोडायचा आणि डबीला सांगायचं की बाई, याला म्हणतात स्थिर. पुढचं सगळं हलणं ती यावरून मोजते. म्हणून त्या वेळी गाडी रिकामी हवी, दारं बंद हवीत आणि कुणाचा हात लागायला नको.

पण त्या दिवशी बुरा सुटला होता. डोंगरावरून समुद्राकडे झेपावणारा तो कोरडा वारा गाडीला धक्के देत होता आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा तेच येत होतं: गाडी स्थिर नाही. लॅपटॉपचं झाकण वाऱ्यानं मिटायचं. शेवटी वेलिमिर वैतागला, लॅपटॉप मांडीवर घेऊन सीटमध्ये बसला आणि दार ओढून घेतलं. नियम त्याला ठाऊक होता. पण आपल्या वजनानं गाडी झुकून झुकून किती झुकणार, असा विचार करून तो वाऱ्याची उसंत येईपर्यंत हलला नाही. श्वासही धरला.

गाडी स्थिर आहे, पडद्यानं सांगितलं.

काचेवर टकटक झाली. लिविओ होता, ट्रॅकवर झेंडे दाखवणारा, वेलिमिरचा शाळेपासूनचा मित्र.

"काय रे, अंडी उबवतोयस का?"

"उबवली. निघालं पिल्लू."

"आत बसून शिकवलंस तिला? चांगलंय. आता तू म्हणजे गाडीचाच एक नटबोल्ट." लिविओ हसला आणि वाऱ्याकडे पाठ करून सिगारेट पेटवायच्या खटपटीला लागला.

दुपारी वर्कशॉपमध्ये वेलिमिरनं सहज तपासावं म्हणून लॅपटॉप पुन्हा जोडला. शटर बंद होतं, इंजिन गार, गाडीत कुणी नाही. पडद्यावर एक रेघ असते. गाडी डावीकडे वळली की वर जाते, उजवीकडे वळली की खाली येते. उभ्या गाडीची रेघ आडवी पडून राहायला हवी.

ती वर चढली.

सावकाश चढली, थोडी थांबली, खाली आली, शून्याखाली गेली. वेलिमिरला वाटलं वायर ढिली असेल. त्यानं वायर बदलली. मग फळीवरची दुसरी डबी आणून बसवली. रेघ पुन्हा तशीच चढली, तिथंच थांबली, तशीच उतरली. वायर ढिली असली तर रेघ वेडीवाकडी नाचते, एकच नाच पुन्हा पुन्हा करत नाही. तो स्टूल ओढून बसला.

तिसऱ्या खेपेला त्याला ती ओळखता आली. अशा रेघा त्यानं जन्मभर पाहिल्या होत्या. पिटमधून बाहेर पडतानाचं ते पहिलं वळण, मग लांब सरळ पट्टा, मग आखूड उजवं. ग्रोबनिकची फेरी होती ती. त्याच्यासमोर थंडगार उभी असलेली गाडी ट्रॅकवर फेरी मारत होती.

टेकडीखालच्या लांबलचक डाव्या वळणापर्यंत रेघ सुरेख आली. ट्रॅकवरचं सगळ्यात वेगाचं वळण ते. तिथं ती एकदम उसळली, खाली आपटली, आणि आडवी झाली.

वेलिमिर वाट पाहत राहिला. गाडी थांबल्यावर माणूस उतरतो तेव्हा ती किंचित डोलते, आणि रेघेच्या शेवटी एक बारीक थरथर उमटते. त्या थरथरीवरून कोण उतरलं ते त्याला सांगता यायचं. लिविओ उतरला तर मोठी, जाड. रोमानाची दोनदा यायची, कारण ती आधी पाय बाहेर काढून बसायची, हेल्मेट काढायची आणि मग उठायची.

या रेघेच्या शेवटी काहीच नव्हतं. आडवी रेघ पडद्याच्या काठापर्यंत गेली. गाडीतून कुणी उतरलंच नव्हतं.

"बाबा, झालं का?" रोमाना मागच्या दारानं आत आली, हातात पावाचा तुकडा. "उद्या सकाळी पहिलं नाव माझं आहे."

त्यानं लॅपटॉप मिटला. "डबी नीट बोलत नाहीये."

"काय म्हणतेय?"

त्यानं टॉर्च उचलली. तो पट्टीवरचे नट पाहू लागला.

"मग काढून टाक तिला," रोमाना म्हणाली. "तुझ्या तरुणपणी कुठे होत्या डब्या? मेलात का सगळे?"

"काही मेले."

"मी नाही मरत. महिनोन्‌महिने वाट बघितलीय या गाडीची. तू नाही म्हणालास तर उद्या दुसऱ्याची गाडी मागून घेईन, पण पळवणार." ती पाव चावत उभी राहिली. मग जरा नरमली. "खरंच काही बिघडलंय का? तुझा चेहरा बघ कसा झालाय."

"पुन्हा शिकवतो उद्या. वारा पडेल."

त्याला भीती वाटत होती. ती त्यानं स्वतःशी कबूल केली आणि तरीही तिचं काय करावं ते कळेना. वायरीची भीती वाटली तर वायर बदलता येते. मुलीला घरात कोंडता येत नाही, आणि ही मुलगी तर आईवर गेली होती, नाही म्हटलं की हटकून तेच.

रविवारी वारा पडला होता. पान हलत नव्हतं. सपाट तुकड्यावर गाडी उभी करून वेलिमिर उतरला, दार लावलं, पिटच्या बाकावर लॅपटॉप ठेवला, लांब वायर खिडकीतून आत सोडली आणि नियमाप्रमाणे दूर उभा राहिला.

गाडी स्थिर नाही.

त्यानं टायर पाहिले. जमिनीला हात लावून पाहिला. पुन्हा केलं. गाडी स्थिर नाही.

"तू आत बस बघू," रोमाना म्हणाली. हेल्मेट काखेत घेऊन ती तयार उभी होती.

तो बसला. तिनं पडदा पाहिला आणि हसली. "आता म्हणतेय स्थिर आहे. उतर." तो उतरला. "नाही म्हणतेय. बाबा, तुझ्यावर जीव जडलाय तिचा. आता मी बसले की रुसणार."

"बस तू."

ती बसली. गाडी स्थिर नाही.

रोमानाला त्याची गंमत वाटली. वेलिमिरला नाही. पण त्याच वेळी त्याच्या मनात एक विचार आला आणि थोडं हलकं वाटलं. रेघेत शेवटची थरथर नव्हती, रोमानाचीही नव्हती आणि कुणाचीच नव्हती. कोण उतरलं नाही हे रेघेनं कुठे सांगितलं होतं?

"उतर," तो म्हणाला. "ज्यानं बोल्ट आवळला त्यानं पहिली फेरी."

हा वर्कशॉपचा जुना नियम होता. वेलिमिरच्या उस्तादानं घातलेला. आपल्या कामावर आधी आपला जीव ठेवायचा, मग गिऱ्हाइकाचा.

"तो नियम तुझ्या पाठदुखीनं कधीच मोडीत काढलाय."

"एक फेरी. मग दिवसभर तू."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण वाद घातला नाही. हेल्मेट त्याच्या डोक्यावर तिनंच चढवलं, पट्टे ओढून घट्ट केले. "हळू जा. कॉफी आणून ठेवते."

बाकावरचा लॅपटॉप त्यानं आत घेतला, सीटशेजारच्या जाळीत अडकवला आणि नोंद चालू केली.

गाडी सुरेख होती. पहिल्या वळणालाच हातांना कळलं की काम चोख झालंय. सरळ पट्ट्यावर त्यानं तिला मोकळं सोडलं. आखूड उजवं आलं, गेलं. मग टेकडी दिसू लागली.

लांब डाव्या वळणाच्या तोंडाशी लिविओची चौकी होती. लिविओ दरवेळी टोपी काढून हलवायचा, वेलिमिर असो की त्याचा दुश्मन असो.

वेलिमिरनं वेग कमी केला. पोर हाती धरल्यासारखी गाडी वळणात घातली. कुठे घसरली नाही. कुठला ब्रेक लागला नाही. मध्यावर त्यानं चौकीकडे पाहिलं.

लिविओनं टोपी काढली होती. हलवली नाही. छातीशी धरली होती, आणि तो वळणाबाहेरच्या उताराकडे पाहत होता.

वेलिमिर वळणातून बाहेर आला. पुढची वळणं घेतली, पिटमध्ये शिरला, सपाट तुकड्यावर गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. त्याला हसू येत होतं. आलो की, तो मोठ्यानं म्हणाला.

पट्टे सोडले, लॅपटॉप काढला, उतरला. लॅपटॉप बाकावर ठेवून त्यानं रेघ पाहिली.

पहिलं वळण. सरळ पट्टा. आखूड उजवं. टेकडीखालचं डावं, आणि तिथं रेघ उसळली, आपटली, आडवी झाली.

पुढची वळणं नव्हती.

शेवटची थरथर नव्हती.

तो गाडीला वळसा घालून आला. एक ओरखडा नव्हता. टायरला गवताचं पातं नव्हतं.

वायर जोडलेलीच होती, रेघ अजून चालू होती. तो आत बसला, पडद्याकडे पाहत उतरला. पुन्हा बसला, मुद्दाम धपकन. पुन्हा उतरला. रेघ आडवी होती.

त्यानं छतावर दोन्ही हात टेकवून जोर लावला. आडवी.

रोमाना कागदी पेले घेऊन आली. गाडीशी थांबून तिनं एक पेला छतावर ठेवला.

रेघ थरथरली.

"लिविओचा फोन लागत नाहीये," ती म्हणाली. "मघापासून लावतेय." मग तिनं छतावर हात टेकून, वाकून खिडकीतून आत पाहिलं. वेलिमिर तिच्या मागे उभा होता, हात लांबवला तर तिच्या खांद्याला लागेल इतका जवळ.

"बाबा," ती आत सीटकडे बघून म्हणाली, "कॉफी निवतेय. उतर की आता."

तिनं छतावरचा हात काढला. रेघ निवली, आणि पडद्यावर खाली बारीक अक्षरं उमटली.

गाडी स्थिर आहे.