क्लच दाबून चाळीस मोजा

“पुष्पे, कोणी येऊन राह्यलं का पाह्य!”

“कोणी नाही! पण लवकर करा ना! बाबूजीचं जेवण होत आलं!”

आनंदीनं मोटारीचं दार हळूच उघडलं आणि ती आत शिरली. प्रेमलालनं बॉनेट वर केलं. पुष्पलता राईस मिलच्या शेडच्या दाराशी पहारा देत होती. गाडी तिच्याच वडिलांची, मिलमालक तेजरामजींची. आपल्याच घरच्या गाडीपाशी चोरासारखं उभं राहायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

दिवाळीची सुट्टी! सातवीतली बाकीची पोरं वैनगंगेत डुंबत होती. या तिघांना मात्र यंदा फराळ गोड लागला नव्हता. दहा दिवसांपूर्वी हीच जुनी विलायती मोटार लामत्याच्या रस्त्यावर उतारावरून सुटली आणि शिंगाडे विकून सायकलनं घरी चाललेल्या महागूबाबांना तिनं उडवलं. डॉक्टरांना म्हाताऱ्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. मोटार चालवत होते हिरालाल, आनंदीचे बाबा.

“मी ब्रेक दाबला होता,” एवढंच ते सांगत राहिले. पण ऐकतो कोण? पोलिसांनी गाडी तपासली. ब्रेकचं तेल काठोकाठ होतं. चार-पाच वेळा पेडल मारल्यावर ब्रेक लागलाही. मग काय, डुलकी लागली असेल, नाही तर प्यायला असेल! ज्या माणसानं जन्मात दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल लोक असं बोलत होते. तेजरामजी तर चारचौघांत म्हणाले, “दसऱ्याले साऱ्या मिलची पूजा झाली, अन् हा गाडीवाला नेमका नागपूरले! मग गाडी कोपणार नाही तर काय?”

हिरालाल दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, सारं घर घेऊन जायचे. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण आता तोही गुन्हा ठरला. सोमवारी कोर्टात तारीख होती. लायसन पोलिसांनी ठेवून घेतलं होतं, आणि जामिनावर सुटून आल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आनंदीला ते बघवत नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिला राहून राहून खटकत होती. अपघाताच्या सकाळी बाबा म्हणाले होते, “आज क्लच पोकळ लागते.” मग प्रेमलालच्या वडिलांनी, टिकाराम मिस्त्रींनी, पेडल दुरुस्त करून दिलं होतं.

“पेडलची पिन ढिली होती हे खरं,” प्रेमलाल बॉनेटखालून म्हणाला. “पेडलचं भोक झिजून लांबट झालं होतं. बाबानं डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळून पिन ठोकली. मी तिथंच होतो.”

“मग आता घट्ट पाहिजे!” आनंदीनं दोन्ही हातांनी क्लच दाबला आणि तसाच धरून ठेवला. “एक... दोन... तीन...”

आधी पेडल कडक लागलं. मग तिच्या तळव्यांखाली ते सरकू लागलं. हळूहळू, जरासुद्धा आवाज न करता. चाळीस म्हणेपर्यंत ते पायाखालच्या फळीला टेकलं.

“अगं आई!” आनंदीनं हात मागे घेतले. “पिननं असं होत नाही, प्रेमा! पिन ढिली असली तर पेडल खडखडते. हे तर आपोआप खाली बसते! आतल्या आत तेल निसटून राह्यलं. रबराचे वायसर गेले असतील. बाबानं समजावलं होतं मले.”

प्रेमलालचा चेहरा उतरला. “आनंदी... या गाडीत क्लचले अन् ब्रेकले एकाच डबीतून तेल जाते.”

तिघांचीही नजर भिंतीकडे गेली. अपघातानंतर गाडीबरोबर आणलेली महागूबाबांची मोडकी सायकल अजून तिथं टेकलेली होती.

प्रेमलालनं डबीचं झाकण काढून बोट बुडवलं. “हे काही ब्रेकचं तेल वाटत नाही!” त्यानं थोडं तेल शिशीत घेतलं, आणि तिघंही मागच्या दारानं पसार झाली.

त्या संध्याकाळी प्रेमलालनं वडिलांच्या डब्यातला एक कोरा वायसर त्या तेलात बुडवून ठेवला. शनिवारी सकाळी बघतात तर काय! वायसर भिजवलेल्या वाटाण्यासारखा फुगून मऊ झाला होता. मग त्यांनी ताटात पाणी घेतलं. नागपूरहून आलेल्या डब्यातल्या ब्रेकच्या तेलाचा थेंब पाण्यात विरून गेला. शिशीतला थेंब मात्र रंगीत तवंग होऊन वर तरंगत राहिला.

“बाबा, हे पाहा ना!” प्रेमलाल म्हणाला.

“चल हट!” टिकाराम खेकसले. “पिन बसवली ना मी? निघाली का ते सांग! त्या डबीले मी हात नाही लावला, माह्या लेकराची शपथ! उद्या शेठजी घरच्यांले घेऊन रामपायलीले चालले. आता गाडीत खोट काढू नका!”

“मग कोणी ओतलं हे?” आनंदी म्हणाली.

पुष्पलतानं शिशी नाकाला लावली. तिचा चेहरा पांढरा पडला. शिशी खाली ठेवून ती उठली आणि तरातरा घरी निघून गेली.

“गेली!” आनंदीच्या डोळ्यांत पाणी आलं. “शेवटी शेठचीच पोरगी!”

आता हे बोलणं तिला पुढं जन्मभर टोचलं, ते सांगून टाकतो. कारण रविवारी सकाळी ती आणि प्रेमलाल ताट, ब्रेकच्या तेलाचा डबा, शिशी आणि फुगलेला वायसर घेऊन मिलपाशी धावत आली, तेव्हा पुष्पलता मोटारीच्या पुढ्यात, रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसली होती!

“ऊठ म्हणतो ना!” तेजरामजी गाडीतून ओरडत होते.

“नाही उठणार! अन् दादाजीलेही नेऊ देणार नाही!”

मागच्या सीटवर तिचे आजोबा होते. सारे त्यांना दादाजी म्हणत. ते काठी टेकत खाली उतरले. “काहून वं बाई? काय झालं?”

“दादाजी,” आनंदी पुढं झाली. “शेठजींले फक्त क्लच दाबून धरायले सांगा. मी मोजते.”

“हिरालालची पोरगी मले गाडी शिकवते!” तेजरामजी भडकले.

“दाब ना तेजराम,” दादाजी म्हणाले. “तुझं काय जाते?”

तेजरामजींनी पाय ठेवला. आनंदी मोजू लागली. विसाला त्यांच्या कपाळावर आठी आली. तिसाला त्यांनी खाली वाकून पाहिलं. चाळिसाला पाय फळीला टेकला होता.

“टिकारामचं काम कच्चं, दुसरं काय!”

“नाही शेठजी!” प्रेमलालनं ताट बॉनेटवर ठेवून त्यात पाणी ओतलं. डब्यातला थेंब विरला, शिशीतला तरंगला. फुगलेला वायसर त्यानं दादाजींच्या हातावर ठेवला. “ब्रेकमध्येही हेच तेल आहे. वायसर सडले. त्या दिवशी हिरालालकाकानं ब्रेक दाबलाच होता!”

“कोणी ओतलं हे?” दादाजींनी विचारलं.

पुष्पलता उठून उभी राहिली. “बाबूजी, तुम्ही. दसऱ्याले. ‘आज एकही यंत्र उपाशी नाही राह्यलं पाहिजे’ म्हणून तुम्ही मिलच्या कॅनातलं तेल इंजिनले पाजलं, गिरणीले पाजलं. मग गाडीचं बॉनेट उघडून जे झाकण पहिलं दिसलं त्याच्यात ओतलं. मी पूजेचं ताट धरून बाजूले उभी होती. काल शिशीले तोच वास आला.”

तेजरामजी गाडीतून उतरले, आणि शेडच्या भिंतीजवळच्या त्या मोडक्या सायकलीकडे त्यांची नजर गेली. मग मात्र ते खालीच बसले.

“उद्या कोर्टात हे ताट घेऊन तू जातो,” दादाजी म्हणाले, “का मी जाऊ?”

तेजरामजीच गेले. भर कोर्टात त्यांनी कबूल केलं, की चूक माझी आणि नाव मी दुसऱ्याचं घेतलं. हिरालाल सुटले, लायसन परत मिळालं. त्या दिवशी बाबा भिंतीकडून वळून बसले आणि त्यांनी आनंदीच्या हातचा चहा मागून घेतला. तिनं पुष्पलताला मिठी मारली आणि रडत रडत माफी मागितली.

नागपूरहून नवे वायसर आले. टिकाराम आणि हिरालाल यांनी मिळून डबी, नळ्या, सारं स्पिरिटनं धुतलं. पेडलचं झिजलेलं भोक भरून पुन्हा पाडलं आणि नवी पिन घातली. पत्र्याची ती पट्टी टिकारामनं खिशात ठेवून घेतली. कशाला, ते कोणी विचारलं नाही.

महिन्याभरानं महागूबाबांना दवाखान्यातून घरी सोडलं. न्यायला तीच मोटार आली. कुबड्यांवर उभं राहून म्हातारा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला.

“या पोरांनी गाडीतला दोष काढला,” दादाजी अभिमानानं म्हणाले. “आम्ही सारे मोठे आंधळे निघालो!”

“हौ, ऐकलं मी.” महागूबाबांनी आनंदीच्या डोक्यावर हात ठेवला. “शाबास पोरी. कितीपर्यंत मोजलं होतं तू?”

“चाळीस.”

“चाळीस.” त्यांनी आपल्या धोतराच्या रिकाम्या उजव्या बाजूकडे पाहिलं. “एवढाच टाइम लागते?”

तेजरामजींनी मान खाली घातली.

“मोज,” महागूबाबा म्हणाले. “माह्यासमोर मोज.”

हिरालालनं क्लच दाबून धरला. आनंदी मोजू लागली. तीस, चाळीस, साठ... शंभर झाले तरी पेडल जागचं हललं नव्हतं.

मग महागूबाबांनी आधी कुबड्या आत ठेवल्या, आणि मग ते गाडीत बसले.