पडद्यापलीकडचा गुडघा

"म्याडम, ह्या चिकटपट्ट्या काढताना मांडीचे सारे केस उपटून राहिल्या जी!"

पडद्यापलीकडून पुरुषाचा आवाज आला अन् अलीकडं टेबलावर पाय पसरून बसलेली गोपिका फस्सकन हसली.

"हसा, हसा. तुमचीबी पाळी येते," आवाज म्हणाला.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. नागपूरच्या एका दवाखान्यात डॉक्टर सुहासिनीबाई गुडघेदुखीवाल्यांच्या मांडीला तारा चिकटवून मशीन लावत. स्नायू ताणला की मशीन खरखर करी. गोपिकाचा गुडघा हातमागाच्या पायपट्ट्या दाबून दुखावलेला. पलीकडला चंद्रभान हिंगण्याच्या कारखान्यात दिवसभर उभा. बाईंनी दोघांना एकच सांगितलं— मांडीचा बाहेरचा स्नायू आधी जागा होतो, आतला आळशी मागं राहतो, म्हणून गुडघ्याची वाटी बाहेर सरकते. आतल्याला कामाला लावा.

मग दर गुरुवारी व्हरांड्यातल्या बाकावर दोघं व्यायामाला पाय ताठ करून बसत. तो तिचे दहा मोजी, ती त्याचे.

"आठावर काहून अडकले जी?"

"तुमच्याकडं पाहून राहिलो... पुढचा आकडा गेला."

"गुडघ्याकडं पाहा, तोंडाकडं नाही!"

एका गुरुवारी मात्र तिनं आकडे मोजलेच नाहीत. रविवारी धरमपेठेतले पाहुणे तिला बघायला येणार होते.

"माय म्हणते, गुडघ्याचं कोणाले सांगू नको. साऱ्यांच्या पाया पडा लागते..."

"अन् वाटी सरकली तर?"

"तुमचं काय जाते?"

"माझं..." त्यानं ताठ पाय खाली टेकवला. "जाते ना."

रविवारी तिसऱ्या पाहुण्यापाशी वाकताना कळ मस्तकात गेली. चौथ्यापुढं गोपिका ताठ उभी राहिली. "माझी वाटी सरकते. इलाज चालू आहे."

लपवून पोर खपवायची, अन् जन्मभर तिनं ओठ चावत वाकायचं— ही कुठली रीत? पोहे तसेच राहिले, पाहुणे निघाले. मायनं कपाळ बडवलं.

गुरुवारी चंद्रभान पडद्यामागं होता.

"काय झालं जी?"

"मोडलं."

खर्रर्र... मशीन ओरडलं.

"चंद्रभान, पाय सैल सोडा!" डॉक्टरीणबाई खेकसल्या.

"सुटत नाही, म्याडम... गोपिकाबाई, या रविवारी मायले घेऊन येऊ काय मी?"

पडद्याअलीकडं बांगड्या वाजल्या.

"या. पण मायले गुडघ्याचं आधीच सांगजा."

"कोणाच्या?"

"दोघायच्याही."